भयकथांचा संग्रह एका बैठकीत वाचायचा की रोज एक कथा?

ओसरी
भयकथांचा एखादा संग्रह हातात आला की तुम्ही तो कसा वाचता? घरात यावरून रोज वाद होतोय, म्हणून इथे विचारते.

माझं म्हणणं असं आहे की भयकथांचं पुस्तक कादंबरीसारखं सलग वाचू नये. एक कथा वाचावी, पुस्तक मिटावं, दुसऱ्या दिवसापर्यंत हात लावू नये. सलग वाचत गेलं की तिसऱ्या-चौथ्या कथेपर्यंत मन तयार होतं. जुना वाडा दिसला की आपण आधीच सावध. पाहुणा जरा जास्तच अदबीने बोलला की आपल्याला कळतं, याचं काहीतरी वेगळं आहे. शेवटच्या परिच्छेदात पायाखालची जमीन सरकणार हे गृहीत धरूनच आपण तिथवर जातो. अशाने चांगल्या कथाही वाया जातात.

आणि मुळात यातल्या कितीतरी कथा एकत्र वाचण्यासाठी लिहिलेल्याच नव्हत्या. नारायण धारप घ्या, रत्नाकर मतकरी घ्या. त्या काळी कथा आधी मासिकात नाहीतर दिवाळी अंकात यायची. अलीकडे एक व्यंगचित्र, पलीकडे कुणाची तरी कविता, मागच्या पानावर राशिभविष्य आणि मध्येच ती कथा. वाचणारा बेसावध असायचा. संग्रहात सगळ्या कथा एका रांगेत उभ्या राहतात आणि पुस्तकाच्या मुखपृष्ठावरच कवटी असते. मग धक्का कसा बसणार?

तुम्ही कसे वाचता? कुठल्या वेळी? आणि वाचून झाल्यावर अंगावर राहिलेली कथा कुठली?

चहाबिस्कूट
रुमाल टाकून ठेवतो. हा धागा दिवसा वाचण्यात येईल.

रातकिडा
ओसरीताई, सपशेल असहमत.

भयकथांचा संग्रह मी एकाच रात्रीत वाचतो आणि तसाच वाचावा असं माझं ठाम मत आहे. पहिल्या कथेत आपण अजून घरातच असतो. भाजीवाल्याचा हिशोब डोक्यात असतो, शेजारचा टीव्ही ऐकू येत असतो. दुसऱ्या-तिसऱ्या कथेनंतर ते सगळं गळून पडतं आणि तेव्हा कुठे लेखकाच्या जगात पाय पडतो. तुम्ही म्हणता तिथे मन तयार होतं आणि भीती जाते. माझ्या बाबतीत तिथेच मन हळवं होतं. चौथी कथा साधी असली तरी घाबरवते, कारण आधीच्या तीन कथांनी अंगावर काटा उभा करून ठेवलेला असतो.

एडगर अ‍ॅलन पो या अमेरिकन भयकथाकाराने १८४२ साली हॉथॉर्न या दुसऱ्या लेखकाच्या कथांवर लिहिताना हेच सांगितलंय. गोष्ट एका बैठकीत वाचून व्हायला हवी, मध्ये उठलात की बाहेरचं जग आत शिरतं आणि परिणाम फुटतो. या प्रकारचा बाप माणूस म्हणतोय, मग आपण कोण?

अनुस्वार
रातकिडा, पो हे एका कथेबद्दल म्हणतोय, संग्रहाबद्दल नाही! अर्ध्या तासापासून फार तर दोन तासांत वाचून होईल अशी एक रचना, तिचा एकच एक परिणाम, आणि पहिल्या वाक्यापासून सगळं त्या परिणामाकडे वळलेलं. त्याचा मुद्दा खरा धरला तर एक कथा संपताच दुसरी सुरू करणं म्हणजे पहिलीचा परिणाम आपल्याच हाताने पुसणं. तुमचा साक्षीदार ओसरीच्या बाजूने बोलतोय.

त्याची ती फरशीखालच्या हृदयाची कथा आठवा. खून केलेला माणूस स्वतः सांगतोय की मी वेडा नाही, बघा किती शांतपणे सांगतोय. पोलीस समोर खुर्च्यांवर बसून गप्पा मारताहेत आणि त्याला फरशीखालून ठोके ऐकू येताहेत. कथा पाच-सहा पानांची आहे. ती संपल्यावर लगेच पान उलटवून दुसऱ्या कुणाच्या बंगल्यात शिरणं मला तरी जमत नाही.

चहाबिस्कूट
रातकिडा यांचा साक्षीदार फितूर झाला. पुढची तारीख द्यावी.

ग्रंथपाल_काकू
धागा बघून राहवलं नाही. वाचनालयात आयुष्य गेलं, त्यामुळे या विषयावर बोलायचा हक्क आहे असं समजते.

लोक कसे वाचतात हे कार्डावरच्या शिक्क्यांवरून कळतं. धारपांचं पुस्तक संध्याकाळी गेलं की दुसऱ्या दिवशी दार उघडायच्या आत माणूस परत करायला पायरीवर उभा. एकाखाली एक लागोपाठच्या तारखांचे शिक्के. कार्ड भरलं की नवीन चिकटवायचं, कव्हर फाटलं की बायंडरकडे पाठवायचं. कित्येक पुस्तकांची मूळ मुखपृष्ठं कशी होती हे आमच्या सभासदांना माहीतच नव्हतं, सगळी तपकिरी पुठ्ठ्यात. मतकरींचं पुस्तक मात्र आठवडाभर बाहेर राहायचं. तीच माणसं, तेवढ्याच जाडीची पुस्तकं, पण धारप रात्रीत संपायचे आणि मतकरी आठवडाभर पुरायचे.

माझा अंदाज सांगते. धारपांच्या कथेत संकट बाहेरून येतं. काहीतरी अमंगळ आपल्या जगात घुसू पाहतंय आणि कुणीतरी जाणता माणूस त्याला थोपवतोय. त्यांचं ‘समर्थ’ हे पात्र असलेल्या कथा घ्या. समर्थ आले की वाचकाला धीर येतो, आणि धीर आला की पुढची कथा वाचायचं बळ येतं. मतकरींच्या कथेत थोपवणारं कुणी नसतं. बऱ्याचदा संकट घरातल्याच माणसाच्या मनात असतं. ती कथा संपल्यावर समोर जेवायला बसलेल्या माणसाकडे जरा वेगळ्या नजरेने बघितलं जातं. अशा कथा एका रात्रीत कशा वाचणार?

आणखी एक. एका पुस्तकाच्या समासात कुणीतरी पेन्सिलीने लिहिलं होतं, ‘ही कथा रात्री वाचू नये.’ त्याच्याखाली दुसऱ्या अक्षरात, ‘वाचली. काही होत नाही.’ त्याच्याखाली तिसऱ्या, अगदी बारीक अक्षरात, ‘एकटे होता का?’ पुस्तकावर लिहिणाऱ्यांना आम्ही दंड करत असू, पण ते पान मी खोडरबराने पुसलं नाही.

रातकिडा
काकू, शिक्क्यांचा पुरावा माझ्या बाजूने, त्याबद्दल दंडवत! अख्खं गाव एका रात्रीत धारप वाचत होतं, म्हणजे लोकांना कळत होतं कसं वाचायचं ते.

ओसरी
काकू, ‘एकटे होता का?’ वाचून अंगावर शहारा आला. पण रातकिडा, मतकरींचं काय? शिक्क्यांची अर्धीच गोष्ट सांगू नका.

तळकोकणी
मी पुस्तकांच्या आधीच्या गोष्टींबद्दल लिहितो. आमच्याकडे मे महिन्यात सगळी पोरं गावी जमली की रात्री खळ्यात आजोबा गोष्ट सांगत. एका रात्री एकच. कितीही हट्ट केला तरी दुसरी नाही. “आता निजा, उद्याक सांगतंय.” त्यामुळे माझं मत ओसरीताईंना. मात्र कारण वेगळं आहे.

आमच्याकडच्या भुताला पत्ता असतो. मुंजा हवेत नसतो, तो अमक्या पिंपळावर असतो. गिऱ्हा, म्हणजे पाण्यातलं भूत, अमक्या कोंडीत असतो. चकवा अमक्या मळ्यात लागतो, माणूस रात्रभर आपल्याच शेताभोवती फिरत राहतो, मग कुणीतरी जाणतं सांगतं की असं झालं तर चालू नये, आहे तिथे बसून राहावं, उजाडलं की वाट सापडते. देवचाराची, म्हणजे राखणदार भुताची, हद्द ठरलेली, त्याला काय द्यायचं ते ठरलेलं. आरवलीच्या वेतोबाला, म्हणजे वेताळाला, लोक केळ्यांचे घड आणि भल्यामोठ्या चामड्याच्या वहाणा वाहतात, कारण तो रात्री गावाच्या राखणीला फिरतो आणि त्याच्या वहाणा झिजतात अशी श्रद्धा आहे. तुम्ही वेताळ म्हटलं की शहरातला माणूस दचकतो, आमच्याकडे तो राखणदार आहे.

सांगायचं असं, की या गोष्टींतली भीती जागेला बांधलेली असते. आजोबा म्हणत, “त्या वडाखालसून रातचो जाव नको.” म्हणजे बाकी सगळीकडे जा, काही होत नाही. भीतीला कुंपण होतं. पुस्तकातल्या भीतीला ते कुंपण नाही. काकू म्हणतात तशी मतकरींची कथा मुंबईतल्या कुठल्याही ब्लॉकमध्ये घडू शकते, तुमच्यासुद्धा. वडाला वळसा घालता येतो, स्वतःच्या बेडरूमला कसा घालणार? म्हणून पुस्तकातली भीती जपून, थोडी थोडी घ्यावी.

चहाबिस्कूट
तळकोकणी, तो वड नक्की कुठला? गणपतीला तिकडे येतोय, रस्ता ठरवायचाय.

तळकोकणी
@चहाबिस्कूट, तुझ्या गाडीच्या हॉर्नने वडावरचा असेल तो खाली उतरून पुढच्या गावी जाईल. निवांत ये.

अनुस्वार
तळकोकणी, ‘भीतीला पत्ता’ हे फार आवडलं. वाचनखूण साठवली.

त्याला जोडून जी. ए. कुलकर्णींबद्दल लिहिते. त्यांना कुणी भयकथाकार म्हणत नाही आणि भुतं त्यांच्या कथांत अभावानेच असतील. पण मराठीतली सगळ्यात भीतिदायक कथा कोणती असं कुणी विचारलं तर मी ‘स्वामी’चं नाव घेईन. ‘पिंगळावेळ’मधली. एक साधा वाटसरू, त्याला आग्रहाने मठात नेतात, आदराने वागवतात, आणि मग स्वामी म्हणून कोंडून घालतात. कुणी ओरडत नाही, कुणी हात उगारत नाही. सगळं नम्रपणे, शिस्तीत, जणू त्याच्या भल्यासाठीच चाललंय. मला भुताची भीती वाटत नाही, पण इतक्या अदबीने बंद होणाऱ्या दाराची वाटते.

जीएंची पुस्तकं सलग वाचून बघा, रातकिडा. ‘काजळमाया’ एका रात्रीत संपवणारा माणूस मला भेटायचाय. तिथे भीती नियतीची आहे. माणूस काहीही करो, डाव आधीच ठरलाय. एक कथा संपली की दोन दिवस काही वाचवत नाही.

फोडणी
मध्येच विचारते, मुलगा अकरा वर्षांचा आहे, धारप वाचायचेत म्हणून मागे लागलाय. देऊ का? मला स्वतःला भयकथा झेपत नाहीत, त्यामुळे अंदाज नाही.

नाडीपरीक्षक
फोडणीताई, आधी मूळ प्रश्नाबद्दल लिहितो, त्यात तुमचंही उत्तर येईल.

भीतीचा प्रसंग वाचताना शरीर खऱ्या धोक्यासारखंच वागतं, फक्त कमी प्रमाणात. अ‍ॅड्रेनलिन वाढतं, नाडी जलद होते, बाहुल्या रुंदावतात. त्याच वेळी डोक्याच्या एका भागाला माहीत असतं की आपण गादीवर आहोत आणि हातात कागद आहे. या दोन्ही गोष्टी एकदम चालतात म्हणून मजा येते. यातली दुसरी गेली की मजा संपते आणि नुसती भीती उरते.

आता सलग वाचायचं की तोडून. एकच उत्तेजना पुन्हा पुन्हा मिळाली की मज्जासंस्था तिला कमी कमी प्रतिसाद देते. सवय होते. त्यामुळे एकाच धाटणीच्या कथा लागोपाठ वाचल्या तर ओसरीताईंचा अनुभव बरोबर. पण सुरुवातीला उलटही होतं. एकदा दचकलेला माणूस काही काळ जास्त सहज दचकतो. म्हणजे रातकिडा यांचाही अनुभव बरोबर. फरक बहुधा कथांच्या वैविध्यात आणि वाचणाऱ्याच्या स्वभावात असावा.

झोपायच्या आधी वाचणाऱ्यांसाठी एक. कधी कधी जाग येते पण हातपाय हलत नाहीत, छातीवर कुणी बसल्यासारखं वाटतं, खोलीत कुणीतरी आहे असा भास होतो. स्वप्नांच्या झोपेत स्नायू सैल सोडलेले असतात, मेंदू जागा झाला तरी ते लगेच सुटत नाहीत, म्हणून हे होतं. उताणं झोपल्यावर आणि झोप अपुरी असताना जास्त. थोड्या वेळात आपोआप जातं. भयकथा वाचून झोपलेल्या माणसाला हे झालं तर तो त्या कथेतलंच पात्र बघतो आणि मग आमच्याकडे येतो. घाबरू नका, कुशीवर झोपा, जागरणं कमी करा.

मुलाचं म्हणाल तर तो आधीपासून रात्री दचकून उठत असेल तर थांबा. नाहीतर दिवसा वाचू द्या, आणि वाचून झाल्यावर त्याला ती गोष्ट तुम्हाला सांगायला लावा. गोष्ट सांगताना भीतीवर त्याचा ताबा येतो.

ग्रंथपाल_काकू
डॉक्टर, शेवटचं वाक्य लाखमोलाचं.

फोडणी, मुलांना भीती हवीच असते गं. ‘अलबत्या गलबत्या’ आठव. ज्या मतकरींनी मोठ्यांची झोप उडवली त्यांनीच ती चेटकीण मुलांसाठी रंगमंचावर आणली. दिलीप प्रभावळकरांची चिंची चेटकीण पाहिलेली मुलं आज आजी-आजोबा व्हायच्या वयाला आली, २०१८ पासून वैभव मांगल्यांनी ती पुढच्या पिढीला दाखवली. चेटकीण आली की पोरं किंचाळतात, आईच्या कुशीत तोंड लपवतात आणि बोटांच्या फटीतून बघतात. मध्यंतरात सगळ्यांना परत तीच हवी असते.

सातपुडा
बराच विचार करून लिहितोय. कुणाचा रसभंग करायचा हेतू नाही.

मी नंदुरबारकडच्या भागात काम करतो. तिथे डाकीण ठरवलेल्या बायका मी पाहिल्या आहेत. गावात मूल दगावलं, गुरं मेली, की बोट एखाद्या एकट्या बाईकडे जातं. बहुतेक वेळा विधवा, वारस नसलेली, जिच्या नावावर थोडी जमीन आहे अशी. मारहाण होते, गावातून हाकलतात. २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे, अंधश्रद्धा निर्मूलन समितीने या प्रथेविरुद्ध पुष्कळ काम केलंय, तरी प्रकार थांबलेले नाहीत. म्हणून वरचं चेटकिणीचं कौतुक वाचताना घशात काहीतरी अडकतं. इथल्या वाचकांना पुस्तक मिटता येतं. ज्या बाईला गाव चेटकीण म्हणतं तिला काय मिटता येतं?

भयकथा बंद करा असं मी म्हणत नाही. मीही धारप वाचत मोठा झालो. पण कथेतली जखीण, हडळ, चेटकीण बाईच का असते, आणि तिला मारल्यावरच शेवट गोड का होतो, हे वाचकाने स्वतःला विचारावं.

अनुस्वार
सातपुडा, लिहिलंत हे फार बरं केलंत. रसभंग अजिबात नाही, माझ्या मते हा धाग्यातला सगळ्यात महत्त्वाचा प्रतिसाद आहे.

तुम्ही म्हणता ती भीती पकडणाऱ्या कथाही आहेत. शर्ली जॅक्सन या अमेरिकन लेखिकेची ‘द लॉटरी’ २६ जून १९४८ च्या ‘न्यूयॉर्कर’मध्ये आली. एक छानसं गाव, उन्हाळ्याची सकाळ, सगळे एकमेकांना ओळखतात, थट्टामस्करी चाललीये, चिठ्ठ्या काढल्या जाताहेत. पोरं दगड गोळा करताहेत. जिच्या हाती काळ्या ठिपक्याची चिठ्ठी येते तिला तेच शेजारी दगडांनी मारतात, कारण दरवर्षी असंच करतात. एकही भूत नाही. लेखिकेला त्या उन्हाळ्यात तीनशेहून जास्त पत्रं आली आणि तिच्याच म्हणण्याप्रमाणे त्यांतली जेमतेम तेरा चांगली होती, तीही बहुतेक मित्रमंडळींची. काहींनी तर अंकच बंद केला. वाचकांना इतका राग यावा याचा अर्थ बाण बरोबर लागला होता.

मला वाटतं चांगली भयकथा आणि अंधश्रद्धा यांत हाच फरक. अंधश्रद्धा बोट दुसऱ्या कुणाकडे तरी करते. चांगली कथा वाचणाऱ्याकडे करते.

सातपुडा
ही कथा माहीत नव्हती. आमच्या कार्यकर्त्यांच्या शिबिरात वाचून दाखवता येईल असं वाटतंय. मराठीत चांगला अनुवाद कुणाला माहीत असेल तर सांगा.

एडिसनकर
न्यू जर्सीहून नमस्कार. इथे घरं लाकडी, थंडी पडली की रात्री जिने आपोआप कुरकुरतात, त्यामुळे भयकथा वाचायला वातावरणनिर्मिती फुकट मिळते.

मी हल्ली वाचत नाही, ऐकतो. कामावरून परतताना गाडीत धारप लावतो. आणि एक लक्षात आलं. कागदावर वाचताना भीती वाटली की डोळे आपोआप पुढच्या ओळीकडे पळतात, काय होतंय ते चोरून बघून घेतात. ऐकताना ती सोय नाही. वाचणारा माणूस शांतपणे ‘दार हळूहळू उघडलं’ म्हणतो, श्वास घेतो, आणि तेवढा वेळ तुम्ही स्टिअरिंग घट्ट धरून बसता. एका प्रवासात एक कथा बरोबर बसते. घराच्या अंगणात गाडी लावली आणि कथा संपायची असली तर मी आतच बसून राहतो. बायको खिडकीतून बघत असते.

ओसरीताईंसाठी अजून एक माहिती. एम. आर. जेम्स हे केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजमधले विद्वान. जुन्या हस्तलिखितांचे अभ्यासक. ते नाताळात मित्रांना जमवून मेणबत्तीच्या उजेडात आपली नवी भूतकथा वाचून दाखवत. त्यांचा पहिला संग्रह १९०४ चा. म्हणजे ज्या कथा आपण आज एका दुपारी संपवतो त्या मूळ श्रोत्यांना नाताळ ते नाताळ वाट बघून मिळत होत्या. तुमच्या पक्षाला यापेक्षा मोठा आधार मिळणार नाही.

ओसरी
एडिसनकर, घरात हे मोठ्याने वाचून दाखवलं! आभार.

सातपुडा, तुमचा प्रतिसाद वाचल्यापासून डोक्यात घोळतोय. आमच्या घरातल्या संग्रहांत बाई कुठे कुठे आणि काय म्हणून येते ते या नजरेने परत बघणार आहे.

तळकोकणी
कुणी ‘तुंबाड’चा विषय कसा काढला नाही? २०१८ चा सिनेमा, राही अनिल बर्वेंचा. त्यातली ती साखळदंडातली म्हातारी धारपांच्या ‘आजी’ कथेवरून सुचलेली. आणि धारपांची ‘आजी’ मुळात स्टीफन किंगच्या कथेवर बेतलेली. गोष्ट अमेरिकेतून पुण्यात आली आणि पुण्यातून पावसाळी कोकणात गेली. गावाचं नाव श्री. ना. पेंडशांच्या ‘तुंबाडचे खोत’ या कादंबरीतलं. सिनेमातला पाऊस बघून मात्र घरची आठवण आली. आमच्याकडे असाच पडतो, चार-चार दिवस, आणि चुलीशी बसलेली म्हातारी माणसं अशीच बोलायची बंद होतात.

रातकिडा
तुंबाडवर वेगळा धागा काढा, मी तिथे पानंच्या पानं लिहीन. अवांतर थांबवून परत मुद्द्यावर येतो.

सगळं वाचलं. माझं मत कायम आहे, पण त्याला एक अट जोडतो. सलग वाचायचा तो एकाच लेखकाचा, त्याने स्वतः लावलेल्या क्रमाचा संग्रह. कथांचा क्रम लावणं ही कला आहे. मोठी कथा कुठे, छोटी कुठे, सगळ्यात काळी कथा शेवटी की शेवटून दुसरी. शेवटून दुसरी ठेवली तर शेवटच्या कथेला वाचक थरथरत पोचतो आणि तिथे लेखकाने जरा मऊ हात फिरवला तरी रडू येतं. रोज एक वाचणाऱ्याला हा क्रम जाणवणारच नाही. निरनिराळ्या लेखकांच्या निवडक कथांचं पुस्तक असेल तर मात्र खुशाल रोज एक वाचा, त्यांचं एकमेकांशी काही देणंघेणं नसतं.

अनुस्वार, ‘काजळमाया’ एका रात्रीत वाचायचं आव्हान स्वीकारलं आहे. शनिवारी.

अनुस्वार
रविवारी सकाळी प्रतिसाद आला नाही तर आम्ही काय समजायचं?

चहाबिस्कूट
समजायचं की सोमवारी कामावर जावं लागू नये म्हणून वाचलं.

ग्रंथपाल_काकू
रातकिडा, क्रमाचं बरोबर बोललात. पण वाचनालयात एक गंमत दिसायची. निम्मे लोक अनुक्रमणिका बघून सगळ्यात छोटी कथा आधी वाचत. काही जण शीर्षकावरून निवडत. लेखकाने लावलेला क्रम पाळणारा वाचक विरळाच.

अनुस्वारच्या त्या बंद दारावरून मला जेकब्ज या इंग्रज लेखकाची माकडाच्या पंजाची कथा आठवली, १९०२ ची. तीन इच्छा पुऱ्या करणारा वाळका पंजा. म्हातारा-म्हातारी दोनशे पौंड मागतात, आणि मुलगा कारखान्यात यंत्रात सापडून गेल्याची नुकसानभरपाई म्हणून नेमके दोनशे पौंड येतात. मग आई दुसरी इच्छा मागायला लावते, मुलगा परत येऊ दे. रात्री दारावर थाप पडते. ती खुर्ची लावून वरची कडी काढायला धडपडतेय, आणि बाप अंधारात जमिनीवर चाचपडत पंजा शोधतोय. त्याने तिसरी इच्छा काय मागितली ते लेखक लिहीत नाही. दार उघडतं तेव्हा रस्ता रिकामा. दारामागे काय होतं ते आपल्याला शेवटपर्यंत कळत नाही आणि म्हणूनच ती कथा सव्वाशे वर्षं चाललीये. दाखवलं असतं तर दहा वर्षांत शिळी झाली असती. माझ्या मते भीती आईच्या त्या खुर्ची ओढण्यात आहे.

मी ही कथा एका दिवाळीच्या सुट्टीत मुलांना वाचनालयात वाचून दाखवली होती. एका मुलीने विचारलं, “काकू, तो दारात आला होता तेव्हा त्याला थंडी वाजत असेल का?” मला आजही त्याचं उत्तर देता येत नाही.

फोडणी
काकू!!! आता मी कशी झोपू?

मुलाला दिवसा वाचायच्या अटीवर पुस्तक दिलंय. पहिली कथा वाचून त्याने मला सांगितली, नाडीपरीक्षकांनी सांगितलं तशी. तो मजेत आहे. मी बाल्कनीचं दार दोनदा तपासलं.

नाडीपरीक्षक
कुशीवर झोपा.

ओसरी
धागा इतका चालेल असं वाटलं नव्हतं, सगळ्यांचे मनापासून आभार. माझं मत अजून तेच आहे, पण आता त्यामागची कारणं जास्त नीट कळली. मला वाटायचं की अंतर ठेवायचं ते धक्का टिकावा म्हणून. काकूंच्या त्या मुलीचा प्रश्न वाचल्यावर वाटतं, अंतर लागतं ते कथेतल्या माणसासाठी. पान उलटवून पुढच्या कथेत शिरलं असतं तर त्या मुलाला थंडी वाजत असेल का हे कुणाच्या मनातही आलं नसतं. भुताची भीती एका रात्रीची असते. त्या माणसांबद्दल वाईट वाटायला मात्र वेळ द्यावा लागतो, आणि माझ्या लेखी चांगला भयकथासंग्रह तोच, ज्यातल्या माणसांबद्दल वाईट वाटतं.

म्हणून एक सुचवते. ज्यांना हवं त्यांनी दर शनिवारी एकच कथा वाचायची आणि इथे लिहायचं. पहिल्या शनिवारी धारपांची ‘आजी’ घेऊ. तुंबाड पाहिलेल्यांनीही वाचा, कथेत सोनं नाही, खजिना नाही. त्यानंतर मतकरी, कथा काकूंनी निवडावी. तिसऱ्या आठवड्यात ‘स्वामी’, चर्चा अनुस्वारने सुरू करावी. सातपुडा, चौथी तुमच्याकडे, शिबिरात वाचणार आहात तीच घेऊ, तोवर अनुवाद मिळाला तर उत्तम.

तळकोकणी
मी आहे. पण चौथा शनिवार अमावास्येला लागून येतो का ते कुणीतरी बघा.

ग्रंथपाल_काकू
बघू नका. मतकरींची कथा मी ठरवली आहे, नाव शुक्रवारी सांगेन, नाहीतर रातकिडा आधीच वाचून बसेल.